जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकू का? चोपडा तालुक्यातल्या एका गुरुजींना सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझा लॅपटॉप 2016 चा, सहाव्या पिढीचा आय-थ्री, 4 जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. विंडोज 10 चे अपडेट बंद झाले आणि 11 यावर बसत नाही. शाळेची ऑनलाइन माहिती भरणं, प्रश्नपत्रिका, निकालपत्रकं, मुलीचा अभ्यास ही कामं. शिवाय आईच्या तोंडची अहिराणी गाणी टाइप करून ठेवतोय. चार जणांना विचारलं. एक म्हणाला उबुंटू, दुसरा मिंट, तिसरा फेडोरा, चौथा आर्च. नक्की काय करू?"

सर, लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी मशीन चालवणारी दुसरी प्रणाली, टाका. पण आज लगेच नाही. आधी एक रविवार पेनड्राईव्हवरून चालवा आणि त्या दिवशी शाळेचं एखादं खरं काम सुरुवातीपासून छापून हातात येईपर्यंत त्यावर करून बघा. भुसावळला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. गेली सतरा वर्षं या भागातल्या शाळा, दुकानं आणि घरांतल्या मशीनवर लिनक्स टाकतोय. काही मशीन वर्षानुवर्षं टिकली, काही महिन्याभरात परत विंडोजवर गेली. त्यांच्यातला फरक कधी उबुंटू की मिंट याचा नव्हता. प्रिंटर चालला का, जुन्या मराठी फाईली उघडल्या का आणि अडलं तेव्हा विचारायला जवळ कोण होतं, या तीन गोष्टींवर सगळं ठरलं.

आधी विंडोजचं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट थांबले. 11 ला साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, त्यामुळे तुमचं मशीन बाद ठरतं. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर सुरक्षा अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात. एवढी मुदत बदलासाठी वापरायला चांगली आहे. लॅपटॉप 14 तारखेला बंद पडला नाही आणि पुढेही पडणार नाही. पण अपडेट नसलेल्या मशीनवर बँकेचं आणि शाळेच्या मुलांच्या माहितीचं काम करत राहणं मला बरोबर वाटत नाही. त्यासाठी चाळीस हजारांचा नवा लॅपटॉप घ्या, असंही मी सांगणार नाही.

आता ती चार नावं. चौघांनीही स्वतःला जे सोयीचं पडतं ते सांगितलं, तुमचं काम कोणी विचारलं नाही. हे सगळं एकाच भावकीतलं आहे. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये सुरू केला. त्याभोवती बाकीचे प्रोग्रॅम जोडून जी पूर्ण प्रणाली तयार होते तिला डिस्ट्रो म्हणतात. डेबियन 1993 चं, त्यावर उभं राहिलेलं उबुंटू 2004 चं, आणि उबुंटूवर बेतलेलं मिंट 2006 चं. फेडोरा उत्तम आहे, पण त्याची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिने सांभाळली जाते. म्हणजे दरवर्षी मोठा बदल. आर्चमध्ये अपडेट सतत येत राहतात आणि ते करताना वाचून, समजून करावे लागतात. ज्याला त्यातच रस आहे त्याने जरूर करावं. ज्याला सोमवारी सकाळी परिपाठाआधी प्रश्नपत्रिका छापायची आहे त्याने त्या वाटेला जाऊ नये.

तुमच्यासाठी लिनक्स मिंट, त्यातही एक्सएफसीई हा हलका प्रकार. मिंटच्या 22 मालिकेला 2029 पर्यंत अपडेट आहेत. मांडणी विंडोजसारखीच: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. घरातल्या माणसांना वेगळं शिकवावं लागत नाही. पण माझं खरं कारण दुसरं आहे. रावेरकडचा शेतकरी केळीचं वाण निवडताना शेजाऱ्याने काय लावलंय ते आधी बघतो, कारण पानावर करपा दिसला की विचारायला तोच शेजारी असतो. डिस्ट्रोचंही तसंच करावं. तुमच्या केंद्रातल्या एखाद्या शिक्षकाकडे आधीपासून उबुंटू व्यवस्थित चालत असेल तर माझं मिंट सोडा आणि उबुंटू टाका. मला त्याचं मुळीच वाईट वाटणार नाही.

डिस्ट्रोच्याही आधी मशीन उघडून घ्या. तुमची साधी हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क बसवा, 240 जीबीची पुरे. जमलं तर रॅम 8 जीबी करा. लॅपटॉप हळू चालतो म्हणून लिनक्स टाकायला आलेल्या दहा माणसांतल्या सातजणांचा खरा त्रास जुन्या हार्ड डिस्कचा असतो, हा माझा दुकानातला अनुभव आहे. दुसरं म्हणजे पंखा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो आणि जिनिंगच्या आसपासच्या गावांत कापसाचं तूस हवेत असतंच. धरणगाव, पाचोरा भागातून आलेले लॅपटॉप उघडले की जाळीवर नमदा बसल्यासारखा थर निघतो. तो साफ करून प्रोसेसरवरची पेस्ट बदलली नाही, तर कोणतीही प्रणाली टाका, मशीन तापणार आणि तापलं की स्वतःच वेग कमी करणार.

रविवारच्या चाचणीसाठी 8 जीबीचा पेनड्राईव्ह घ्या. मिंटची फाईल तीन जीबीच्या आसपास असते, मोबाइलच्या रोजच्या डेटात बसत नाही. तालुक्याला कोणाच्या वायफायवरून उतरवून घ्या. उतरवल्यावर तिची चेकसम, म्हणजे फाईल पूर्ण आणि जशीच्या तशी आली का हे सांगणारा आकडा, जुळते का ते तपासा. अर्धवट उतरलेल्या फाईलमुळे "लिनक्स बसतच नाही" म्हणून लोक माझ्याकडे आलेत. रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने पेनड्राईव्ह तयार होतो. त्यावरून मशीन सुरू केलं की डिस्कला हात न लावता सगळं चालून दिसतं. थोडं हळू चालेल, तो पेनड्राईव्हचा वेग आहे, त्यावरून मत बनवू नका. केलेलं काम दुसऱ्या पेनड्राईव्हवर ठेवा, कारण मशीन बंद केलं की या चाचणीतलं काही उरत नाही. वायफाय दिसलं नाही तर घाबरू नका. मोबाइल केबलने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, इंटरनेट लगेच येतं. मग मिंटमधल्या ड्रायव्हर मॅनेजरने वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम, टाकता येतो.

त्या दिवशी पहिलं काम प्रिंटर जोडून एक पान छापणं. हे मी महागात शिकलो. एका जिल्हा परिषद शाळेत सगळं छान बसवून दिलं आणि प्रिंटर मात्र मी तपासला नाही. जूनमध्ये दाखल्यांची गर्दी झाली आणि त्या दिवशी दाखला छापेना. मुख्याध्यापकांनी संध्याकाळी मशीन फॉरमॅट मारून विंडोज टाकलं. त्यांचं बरोबर होतं. दारात पालक उभे असताना त्यांना ड्रायव्हरची अडचण ऐकवून काय उपयोग? चूक सर्वस्वी माझी होती.

कारण समजून घ्या. काही छोटे लेसर प्रिंटर स्वस्त असतात, कारण पान तयार करायचं बरंचसं काम ते स्वतः न करता कॉम्प्युटरवर टाकतात आणि कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलतात. त्या कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर नीट सांभाळला नसेल तर प्रिंटर रुसतो. झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारे बरेच जुने प्रिंटर या जातीचे आहेत. याउलट एचपीच्या पुष्कळ मॉडेलसाठी लागणारा संच मिंटमध्ये आधीपासून असतो. काहींना वरून एक प्लगइन उतरवावं लागतं, ते इंटरनेट असेल तेव्हाच करून ठेवा. अलीकडचे वायफाय प्रिंटर, जे मोबाइलवरून थेट छापतात, ते बहुतेक वेळा ड्रायव्हरशिवाय ओळखले जातात. तुमचा प्रिंटर नाहीच चालला तर पीडीएफ करून मोबाइलवर घ्या आणि तिथून छापा, किंवा शाळेतलं एक मशीन विंडोजवर राहू द्या. प्रिंटरशी महिनाभर झुंजू नका.

दुसरं काम मराठीचं, आणि इथे मी सविस्तर सांगतो, कारण शिक्षक सगळ्यात जास्त इथेच अडकतात.

तुमच्या जुन्या प्रश्नपत्रिका बहुतेक श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये असतील. त्या फाईलमध्ये खरं तर मराठी अक्षरं नाहीतच. फाईलमध्ये इंग्रजी अक्षरांचे क्रमांक साठवलेले असतात आणि फॉन्ट त्या क्रमांकांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. म्हणून तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो, मग ते विंडोज असो की लिनक्स. लोकांना वाटतं लिनक्सने फाईल बिघडवली. तसं काही झालेलं नसतं. तुमच्याकडे असलेला तोच फॉन्ट लिनक्समध्ये टाका, त्यावर डबल क्लिक केलं की इन्स्टॉलचं बटण येतं. बऱ्याचशा फाईली पूर्वीसारख्या वाचता आणि छापता येतील. मात्र त्या फॉन्टमध्ये नवं टाइप करायचा प्रोग्रॅम लिनक्सवर मिळणार नाही. नवं सगळं युनिकोडमध्येच करा, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असलेल्या पद्धतीत.

जुनं युनिकोडमध्ये आणणारी रूपांतर साधनं मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं याच्या उलट. साधन ही अदलाबदल करताना जोडाक्षरात चुकतं, आणि "शेतकऱ्याचा" मधला अर्धा ऱ हमखास बिघडतो. म्हणून दहा वर्षांचा सगळा ढीग रूपांतरित करत बसू नका. जी फाईल यंदा वापरायची आहे तेवढीच करा आणि एकदा वाचून काढा. बाकीच्यांच्या पीडीएफ करून ठेवा.

टाइप करायला इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेली कळांची मांडणी, शिकलेले असाल तर काहीच नवं नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा आणि बदलाची कळ ठरवा. "दऱ्या" लिहायला लागणारा ऱ हा र च्याच कळीवर शिफ्ट दाबून मिळतो, ळ हा ल च्या कळीवर. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवायची सवय असेल तर आयबस आणि एम17एन हा संच टाका. त्यात मराठीसाठी फोनेटिक, आयट्रान्स, मिंग्लिश असे पर्याय येतात. फरक एवढाच की गुगलचं साधन शब्द ओळखून पर्याय सुचवायचं, हे तसं करत नाही. तुम्ही जे दाबाल तेच उमटतं, ऱ्हस्व-दीर्घ स्वतः सांगावं लागतं. पहिला आठवडा चिडचिड होते. नंतर मात्र हेच बरं वाटतं, कारण यंत्र मधे पडून शब्द बदलत नाही. अहिराणी टाइप करणाऱ्याला तर हे फार सोयीचं आहे. त्याबद्दल शेवटी सांगतो.

वर्डच्या जागी लिब्रेऑफिस असतं, मिंटसोबतच येतं. सुरुवातीलाच त्याच्या पर्यायांत जाऊन भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू आहे का बघा आणि तिथे मराठी निवडा. लिब्रेऑफिस इंग्रजी आणि देवनागरीचे फॉन्ट वेगवेगळे धरतं. शैलीत इंग्रजीचा आकार 14 केला आणि मराठी 12 वरच राहिली, असं त्यामुळेच होतं. भाषा मराठी ठेवल्याचा आणखी एक फायदा: काही फॉन्टमध्ये ल आणि श यांचे मराठी वळणाचे आकार वेगळे दिलेले असतात, ते भाषा मराठी असली तरच दिसतात. चौथीच्या मुलाला त्याच्या पुस्तकातला ल आणि प्रश्नपत्रिकेतला ल सारखा दिसावा, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्याने पाठवलेली वर्डची फाईल उघडली की दोन पानांची प्रश्नपत्रिका तिसऱ्या पानावर सांडेल. मंगल किंवा निर्मला हे विंडोजचे फॉन्ट मिंटमध्ये नसतात, त्यांच्या जागी येणाऱ्या नोटो किंवा लोहितची उंची वेगळी असते. म्हणून छापायचं असेल तर पीडीएफ मागवा आणि पीडीएफच पाठवा. दोघांनी मिळून दुरुस्त करायची फाईल असेल तर मुक्त परवान्याचा एकच फॉन्ट ठरवून घ्या, मुक्ता चांगला आहे, तो दोन्हीकडे टाकता येतो.

निकालपत्रकाची एक्सेल फाईल मात्र जपून. आकारिक आणि संकलित गुण भरले की श्रेणी, वर्णनात्मक नोंदी आणि प्रगतिपत्रक आपोआप तयार करणाऱ्या ज्या फाईली शिक्षकांत फिरतात, त्यांतल्या बऱ्याच मॅक्रोवर, म्हणजे फाईलमध्येच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमवर चालतात. साधी सूत्रं लिब्रेऑफिस व्यवस्थित सांभाळतं, मॅक्रो अर्धवट चालतात. अर्धवट चालणं न चालण्यापेक्षा धोक्याचं, कारण मुलाची श्रेणी चुकली तरी कळत नाही. या एका कामासाठी विंडोज ठेवावं लागलं तर ठेवा. शाळेच्या माहितीचं यू-डायस प्लस, पगाराचं शालार्थ वगैरे ब्राउझरमधली कामं आहेत. फायरफॉक्स मिंटमध्ये असतंच, हवं तर क्रोमियमही टाका, आणि यंदाचं एखादं पान खरंच भरून बघा.

तुम्ही विचारलं नाही, पण शेजाऱ्यांना सांगाल म्हणून लिहितो. आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्याने, बोटांचे ठसे घेणारं यंत्र वापरणाऱ्याने किंवा टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या व्यापाऱ्याने मुख्य मशीनवर लिनक्स टाकू नये. डिजिटल सहीचा टोकन वापरणाऱ्यानेही आधी नीट चौकशी करावी, काही चालतात, काही नाहीत. पोटापाण्याचं काम ज्या प्रोग्रॅमवर आहे तो आधी, लिनक्स नंतर.

रविवार नीट पार पडला तर विंडोजच्या शेजारी मिंट टाका, म्हणजे मशीन सुरू करताना दोन्हींतलं एक निवडता येईल. त्याआधी फाईलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि तो उघडतो का ते दुसऱ्या मशीनवर बघा. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज डिस्क अर्धवट झोपेत सोडतं आणि लिनक्सला त्यावर लिहिता येत नाही. डिस्क कूटबद्ध केलेली असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. मिंट बसल्यावर टाइमशिफ्ट चालू करा. अपडेटनंतर काही बिघडलं तर कालच्या स्थितीत परत जाता येतं. फक्त ते प्रणाली सांभाळतं, तुमच्या फाईली नाही. फाईलींचा बॅकअप वेगळाच. एक सत्र असं दोन्ही ठेवून काढा. दिवाळीनंतर विंडोज किती वेळा उघडलं ते आठवा आणि मग ठरवा.

आता विचारायचं कसं. मोबाइलवरच्या गटांत "वायफाय चालत नाही, मदत करा" एवढंच आणि सोबत स्क्रीनचा तिरपा फोटो असतो. त्यावर अंदाजाने दहा उत्तरं येतात आणि विचारणारा दहाही करून बघतो. मशीन बिघडतं ते बहुधा तिथे. मिंटमध्ये सिस्टिम रिपोर्ट्स म्हणून एक प्रोग्रॅम आहे. तो मशीनची सगळी माहिती एका जागी दाखवतो, तिथे ती उचलून घ्यायचं बटणही आहे. ती माहिती, काय करत होतात, नेमका संदेश काय आला, त्याआधी काय बदललं, एवढं लिहा. प्रश्न मराठीत विचारा, संदेश मात्र जसाच्या तसा चिकटवा. उत्तर मिळालं आणि काम झालं तर कशाने झालं ते तिथे परत लिहा. हे शंभरातले पाच जण करतात आणि पुढच्या माणसाला त्या पाच जणांचाच उपयोग होतो. कोणी एखादी ओळ दिली आणि तिच्या सुरुवातीला प्रशासकाचे अधिकार मागणारा शब्द (sudo) असेल, तर ती काय करते हे विचारल्याशिवाय चालवू नका. सांगणाऱ्याला राग आला तर येऊ द्या.

शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे पाठ मराठीतही आहेत, लिब्रेऑफिसचे तर नक्की बघा. केरळने सरकारी शाळांमध्ये मुक्त प्रणाली वापरली आणि ती टिकली, कारण तिथे शिक्षकांनाच तयार केलं. गावोगावचा शिक्षक एकमेकाला विचारू शकत होता. आपल्या केंद्रसंमेलनात अर्धा तास यासाठी मिळाला तर मी चोपड्याला यायला तयार आहे, पेनड्राईव्ह घेऊन येईन.

शेवटी आईची गाणी. ही साध्या युनिकोडमध्ये, लिब्रेऑफिसच्या ओडीटी फाईलमध्ये ठेवा आणि सोबत निव्वळ मजकुराची एक प्रतही ठेवा, ती वीस वर्षांनी कोणत्याही यंत्रावर उघडेल. ऐकलंत तसंच टाइप करा, प्रमाण मराठीत वळवू नका. लिब्रेऑफिससाठी मराठी शुद्धलेखन तपासणीचं एक्स्टेंशन मिळतं. ते टाकलंत की आंडेर, आंडोर, मना, तुना यांच्याखाली लाल रेघ येईल. त्या शब्दावर उजवं बटण दाबून तो शब्दकोशात जोडा. चुकीचा म्हणून पुसू नका. जोडलेले शब्द एका साध्या फाईलमध्ये साठतात आणि ती फाईल दुसऱ्याला देता येते. माझ्याकडे अशी एक फाईल आहे, गिऱ्हाइकांच्या कामातून थोडी थोडी वाढवलेली. तुमच्या आईच्या गाण्यांत जात्यावरचे, लग्नातले जे शब्द असतील ते माझ्यात नसणार. लॅपटॉप आणाल तेव्हा तुमची फाईल पेनड्राईव्हवर घेऊन या. दोन्ही एकत्र करून तुमच्याही मशीनवर टाकून देतो.